फोनवरचं समुपदेशन: दार तुम्हीच लावायचं

फोनवरून समुपदेशन घेणाऱ्यांना काय खटकतं आणि काय सोपं जातं, या विषयावर आलेल्या पत्रांतून ही निवड केली आहे. तक्रारी वरवर वेगवेगळ्या दिसतात: शांतता, घरचे लोक, रडू, अनोळखी नंबर. मूळ मात्र बहुतेकींचं एकच आहे. समुपदेशकाच्या खोलीत बंद दार, समोरची खुर्ची, भिंतीवरचं घड्याळ आणि घरी परतायची वाट ही सगळी मंडळी मुकाट्याने बरंच काम करत असतात. फोनवर ती नसतात. त्यांचं काम मग रुग्णाच्या गळ्यात पडतं, आणि ते पडलंय हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

प्रश्न: नैराश्यासाठी मला दहा सेशन सुचवली आहेत, पण सगळी फोनवर. हे दुय्यम दर्जाचं, रांग कमी करायला काढलेलं काम तर नाही ना?

उत्तर: संशय अगदीच निराधार नाही. फोनवरची सेशन बहुधा आखूड असतात आणि त्यात समुपदेशकाचा वेळ वाचतो. पाहायचं एवढंच, की वाचलेल्या त्या वेळेची किंमत रुग्ण मोजतो का.

२०१२ मध्ये अमेरिकेत डेव्हिड मोर आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शिकागो परिसरातले नैराश्याचे ३२५ रुग्ण घेतले आणि सगळ्यांना १८ सेशनची सीबीटी दिली. सीबीटी म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी पद्धत. एका गटाला ती समोरासमोर मिळाली, दुसऱ्याला फोनवर. समोरासमोरच्या गटातल्या ३२.७ टक्के लोकांनी उपचार मध्येच सोडले, फोनच्या गटात हे प्रमाण २०.९ टक्के होतं. उपचार संपले तेव्हा दोन्ही गटांची सुधारणा सारखीच होती. सहा महिन्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा सुरुवातीच्या मानाने दोन्ही गट बरे होते, पण फोनचा गट दुसऱ्याच्या किंचित मागे पडला होता. ओसीडीवर, म्हणजे नको असलेले विचार छळतात आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावतात त्या आजारावर, ब्रिटनमध्ये २००६ साली ७२ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यात फोनचे कॉल अर्ध्या तासापर्यंतचे आणि प्रत्यक्ष भेटी तासाच्या होत्या. गुण सारखाच आला आणि रुग्णांचं समाधानही जवळपास सारखंच राहिलं.

यातून आमच्या मते घ्यायचं ते हे: फोनमुळे लोक उपचारात टिकतात, पण सेशन संपल्यानंतरच्या काळाची आखणी जास्त नेटाने करून घ्यावी लागते. दहावं सेशन झाल्यावर एक महिन्याने आणि तीन महिन्यांनी उजळणीचा एकेक कॉल मिळेल का, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. शेवटच्या दिवशी विचारलं तर तोवर तुमच्या नावाची फाइल बंद झालेली असते.

आणि चेहरा न पाहता मन मोकळं करणं हे काही मोबाइलने आणलेलं नाही. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड रुग्णाला कोचावर झोपवून स्वतः त्याच्या डोक्यामागे बसत असे. दिवसाचे आठ तास लोकांनी आपल्याकडे टक लावून पाहिलेलं आपल्याला सोसत नाही, हे कारण त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे.

प्रश्न: मी बोलून थांबते आणि पलीकडून काहीच येत नाही. दोन-तीन सेकंदांत मी ‘हॅलो?’ म्हणते. मॅडम ‘हो, ऐकतेय’ म्हणतात, पण तोवर माझा धागा तुटलेला असतो. आपण काही चुकीचं बोललो का, की त्या दुसरंच काहीतरी करतायत, असं वाटत राहतं.

उत्तर: सर्वांत जास्त पत्रं याच मुद्द्यावर आहेत, म्हणून जरा सविस्तर.

रोजच्या बोलण्यात एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी पाव सेकंदही लागत नाही. दहा वेगवेगळ्या भाषांतलं बोलणं मोजून २००९ मध्ये हे दाखवलं गेलं. भाषेभाषेत फरक आहे, पण सगळ्यांची मिळून सरासरी दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास. या मापाला सरावलेल्या कानाला तीन सेकंदांची शांतता म्हणजे काहीतरी बिनसल्याची खूण वाटते. समोरासमोर बसलं की डोळे ती भरून काढतात. समोरची व्यक्ती पुढे झुकलेली असते, मान हलवते, तुमच्याकडे बघत असते, आणि तीच शांतता मग ऐकून घेतल्यासारखी वाटते.

फोनवर हे सगळं जातं, आणि वर फोन स्वतःची भर घालतो. मोबाइलवर बोलणं थांबलं की बॅटरी आणि लहरी वाचवण्यासाठी आवाज पाठवणं जवळपास बंद होतं. लाइन तुटली असं वाटू नये म्हणून तुमच्याच बाजूला एक बारीक कृत्रिम खरखर तयार केली जाते. म्हणजे मॅडम गप्प असताना तुम्हाला ऐकू येते ती त्यांची खोली नसतेच. खुर्चीचा आवाज, श्वास, पान उलटल्याची सळसळ, यातलं काही पोचत नाही. फोनमधली आजूबाजूचा गोंगाट कापणारी सोय याच्यावर ताण करते. बोलल्यासारखं जे वाटत नाही ते ती गाळते, आणि हलका हुंदका किंवा दीर्घ सुस्काराही त्यात जाऊ शकतो. तुमच्याकडूनही आणि त्यांच्याकडूनही.

तिसरी गोष्ट उशिराची. इंटरनेटवरून कॉल असेल तर आवाज पोचायला वेळ लागतो. एका बाजूने दीडशे मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर सहसा जाणवत नाही, चारशेच्या वर गेला की संभाषण लंगडतं. मॅडमनी वेळेवर दिलेला ‘हं’ तुमच्या पुढच्या वाक्यावर येऊन आदळतो. तुम्ही थांबता, त्याही थांबतात, मग दोघी एकदम ‘बोला, बोला’. असं तीनदा झालं की समुपदेशक हुंकार देणंच कमी करतात, तुमच्या बोलण्यात व्यत्यय नको म्हणून. आणि हुंकार गेला की सांगणाऱ्याचं बोलणं सुकतं, हे ज्याने कुणाला गोष्ट सांगितली आहे त्याला ठाऊक असतं.

आता करायचं काय. पुढच्या सेशनच्या सुरुवातीलाच, मध्ये नव्हे, सरळ विचारा: ‘तुम्ही गप्प असता तेव्हा काय करत असता?’ यात उद्धटपणा नाही. बहुतेक वेळा उत्तर येतं, की टिपण काढते किंवा तुम्हाला वेळ देते. मग दोन गोष्टी ठरवून घ्या. त्या गप्प राहणार असतील तर आधी ‘विचार करते’ एवढं म्हणतील. तुम्हाला थांबून विचार करायचा असेल तर तुम्ही ‘थांबा जरा’ म्हणाल. मान हलवण्याचं काम इथे शब्दांनाच करावं लागतं. टिपणं कीबोर्डवर काढत असतील आणि टकटक ऐकू येत असेल तर तेही बोलून दाखवा. कागदावर लिहिणं फारसं कुणाला जड जात नाही. ब्लूटूथ इअरफोन उशिरात आणखी भर घालतात, वायरचे वापरून पाहा. जिथे साधा कॉल स्वच्छ लागतो तिथे इंटरनेट कॉलचा आग्रह धरू नका. स्पीकर तर नकोच. अनेक फोनमध्ये स्पीकरवर एकजण बोलत असताना दुसऱ्याचा आवाज दाबला जातो, म्हणजे हुंकार नेमका तिथेच मरतो.

प्रश्न: कॉल खासगी नंबरवरून येतो. मी असे कॉल उचलत नाही. दोनदा ‘गैरहजर’ अशी नोंद झाली.

उत्तर: नंबर दिसू द्यावा किंवा कॉलच्या पाच मिनिटं आधी मेसेज यावा, असं लेखी कळवा. दोन्ही होत नसेल तर ठरलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधीपासून वीस मिनिटं नंतरपर्यंत येणारा प्रत्येक कॉल उचला. फोनमध्ये अनोळखी कॉल आपोआप गप्प करणारी किंवा ‘डू नॉट डिस्टर्ब’ची सोय चालू आहे का तेही पाहा. निम्म्या ‘गैरहजेऱ्या’ तिथेच सापडतील.

त्याच दमात लाइन तुटली तर काय, हे ठरवा. परत कॉल कोणी करायचा ते ठरलेलं नसलं की दोघंही एकाच वेळी फिरवतात आणि दोघांनाही ‘व्यस्त’ ऐकू येतं. रडण्याच्या मधोमध हे झालं तर आपल्यावर फोन आपटला असंच वाटतं. नियम साधा ठेवा: परत कॉल समुपदेशकच करणार, तुम्ही दोन मिनिटं थांबणार, नाही आला तर तुम्ही करणार.

प्रश्न: घर लहान, माणसं पाच. दार लावलं की ‘काय चाललंय’ म्हणून दोन वेळा टकटक होते. मी अर्धं बोलतो, अर्धं गिळतो.

उत्तर: गिळलेलं अर्धंच बहुतेक वेळा कामाचं असतं, म्हणून हा प्रश्न किरकोळ समजू नका.

आधी मोजून घ्या. एका फोनवर रेकॉर्डिंग चालू करून तो दाराबाहेर ठेवा, आत बसून नेहमीच्या आवाजात दोन मिनिटं काहीही वाचा, मग ऐका. नुसती कुजबुज ऐकू येते की शब्द कळतात? शब्द कळत असतील तर दाराखालच्या फटीत जाड कापड गुंडाळून लावा आणि दाराच्या बाहेरच्या बाजूला पंखा किंवा रेडिओ चालू ठेवा. आवाजाचं साधन बाहेर हवं, आत नको. आत लावलं की त्याचा त्रास तुमच्या समुपदेशकाला होतो आणि बाहेरचा माणूस तरीही ऐकतोच. कपड्यांनी भरलेलं कपाट, गाद्या, पडदे असलेली खोली आवाज शोषते. न्हाणीघरात दार लागतं खरं, पण फरशीवरून आवाज घुमतो आणि बाहेर जास्त स्पष्ट जातो. उभ्या केलेल्या गाडीत बसणं हा अनेकांचा उपाय आहे आणि तो चांगला आहे, गाडी उभी असेल तोवर. चालवताना सेशन घेऊ नका, डोळ्यांत पाणी आणि हातात चाक हा मेळ बसत नाही.

दुसरी युक्ती बोलण्याच्या रचनेची. इअरफोन लावले की घरच्यांना तुमचीच बाजू ऐकू येते. मग ती बाजू निरर्थक करून टाका. समुपदेशकाला सांगा की आज मला मोकळं बोलता येणार नाही, प्रश्न असे विचारा की उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा शून्य ते दहामधला आकडा असेल. ‘कालच्या भांडणानंतर राग किती?’ ‘सात.’ ‘आईवर?’ ‘नाही.’ ‘स्वतःवर?’ ‘हो.’ दारापलीकडच्याला यातून काही कळत नाही. पूर्ण सेशन असं नेता येत नाही, पण आठवडा कोरडा जात नाही. ज्या गोष्टी बोलताच येणार नाहीत त्या आदल्या दिवशी लिहून पाठवायची सोय आहे का आणि पाठवलेलं कोण वाचतं, हे विचारा.

टकटक करणाऱ्यांना कारण सांगायची सक्ती तुमच्यावर नाही. ‘बुधवारी सहा ते सात माझा कॉल असतो’ एवढं पुरतं. दर आठवड्याला तोच वार आणि तीच वेळ ठेवली की दोन-तीन आठवड्यांत घर सरावतं. वेळ बदलत राहिली की चौकशा वाढतात.

घरातल्याच माणसाची भीती असेल तर मात्र पंखा-रेडिओवर विसंबू नका. तिथे पहिल्याच कॉलला एक परवलीचा शब्द ठरवा. तो उच्चारला की समुपदेशकाने समजायचं की कुणीतरी ऐकतंय आणि विषय बदलायचा. दुसरा शब्द ‘मदत पाठवा’साठी. फोन घरात सामाईक असेल तर मेसेज पाठवू नयेत, हेही तेव्हाच सांगून ठेवा. अशा घरात सेशन बाहेरच्या जागी घेणं बरं.

प्रश्न: समोर बसून जे कधी बोललो नसतो ते फोनवर बोलून गेलो. नंतर इतकी लाज वाटली की पुढचा कॉल उचलला नाही. फोन ठेवला आणि दुसऱ्या मिनिटाला मी घरच्यांच्या समोर उभा होतो.

उत्तर: दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या आहेत.

पहिली, मोकळेपणाची. समोरच्याचा चेहरा दिसत नाही म्हणून त्यावरची नापसंती, खरी किंवा कल्पनेतली, शोधत बसावं लागत नाही. लाजेशी जोडलेल्या विषयांवर, म्हणजे व्यसन, शरीर, घरातले अत्याचार, बरेच जण फोनवर लवकर बोलतात. व्हिडिओपेक्षाही फोन बरा म्हणणाऱ्यांचं कारण मजेशीर आहे: व्हिडिओत कोपऱ्यात स्वतःचा रडका चेहरा बघत राहावं लागतं. ज्या आडोशाने जीभ सैल होते, त्याच आडोशामुळे बोलून झाल्यावर समोरच्याचा चेहरा तसाच प्रेमळ आहे ही खात्री मात्र मिळत नाही. लाज तिथून येते. पुढच्या कॉलचं पहिलं वाक्य तयार ठेवा: ‘मागच्या वेळी जे सांगितलं त्यानंतर तुम्हाला माझ्याबद्दल काय वाटतंय याची धास्ती आहे.’ उत्तर आवाजात ऐकू येतं. कॉल चुकवल्याची कबुलीही यातच होऊन जाते.

दुसरी, परतीच्या वाटेची. दवाखान्यातून निघालेला माणूस अर्धा तास कुणाचाही नसतो. त्या अर्ध्या तासात चेहरा जागेवर येतो. फोनच्या सेशनला ही वाट नसते, म्हणून ती करून घ्यावी लागते. ५० मिनिटांच्या सेशनसाठी दिवसातले ८० मिनिटं मोकळे ठेवा: आधी दहा, नंतर वीस. आधीच्या दहात फोन चार्ज, इअरफोन, पाणी, कागद-पेन, आणि आज काय बोलायचं त्याची एक ओळ. नंतरच्या वीसमध्ये दार उघडायचं नाही, दुसरा कॉल घ्यायचा नाही, मेसेज वाचायचे नाहीत. तीन ओळी लिहा: काय बोललो, काय टोचलं, या आठवड्यात काय करायचं. मग तोंड धुवा, शक्य असेल तर दहा मिनिटं बाहेर चालून या.

सेशन कसं संपतं हेही महत्त्वाचं. भिंतीवरचं घड्याळ दोघांना दिसत नाही, म्हणून ‘पंधरा मिनिटं राहिली’ असं मोठ्याने सांगायची विनंती करा. त्या पंधरा मिनिटांत नवी जखम उघडायची नाही. नेमक्या शेवटच्या दोन मिनिटांत मोठी गोष्ट बाहेर पडते हा जुनाच अनुभव आहे. तसं झालं तर ती पुढच्या वेळच्या पहिल्या ओळीत लिहून घेतली जावी.

प्रश्न: दर आठवड्याला सुरुवातीला नऊ प्रश्न वाचून दाखवतात, मी आकडे सांगतो. हिशेब लिहिल्यासारखं वाटतं. शेवटच्या प्रश्नाला मी ‘अजिबात नाही’ म्हणून मोकळा होतो, नाहीतर ते पोलिसांना कळवतील अशी भीती वाटते.

उत्तर: ही नैराश्य किती आहे ते मोजणारी पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न. प्रत्येकाला ‘अजिबात नाही’ ते ‘जवळपास रोज’ असे शून्य ते तीन गुण. बेरीज शून्य ते २७. पाच, दहा, पंधरा, वीस या आकड्यांवर सौम्य, मध्यम, मध्यम ते तीव्र आणि तीव्र अशा पायऱ्या धरतात. फोनवर ती रटाळ होते कारण तिसऱ्या प्रश्नापर्यंत पर्याय विसरायला होतात आणि माणूस सरसकट ‘एक, एक, एक’ म्हणत सुटतो. प्रश्नावली आदल्या दिवशी मागवून घ्या, भरून ठेवा, कॉलवर फक्त आकडे सांगा. पाच मिनिटं वाचतात. आणि बेरजेपेक्षा बदल विचारा: ‘मागच्या महिन्यात झोपेच्या प्रश्नाला तीन होते, आता एक आहेत’ हे कळलं तर हिशेबाला अर्थ येतो.

नववा प्रश्न मरून गेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार येतात का, हा आहे. तिथे एक किंवा दोन म्हटलं की लगेच कुणी दारात येत नाही. पुढचे प्रश्न येतात: विचार नुसता येऊन जातो की काही ठरवलं आहे, साधन हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न झाला होता का, आज रात्री सुरक्षित राहाल का, कशामुळे थांबता. बहुतेकांच्या बाबतीत हे बोलणं सुरक्षिततेची योजना लिहिण्यापाशी येतं: धोक्याच्या खुणा, स्वतःला सावरायचे दोन-तीन उपाय, कुणाला फोन करायचा त्यांची नावं, आणि घरातून कोणती वस्तू लांब ठेवायची. जीवाला तातडीचा धोका दिसला तरच सहसा समुपदेशक गुप्तता मोडून दुसऱ्या कुणाला कळवतात, आणि शक्य असेल तिथे आधी तुम्हाला सांगून. नेमका नियम काय आहे तो पहिल्या सेशनला विचारा, नुसत्या अंदाजावर भीती बाळगू नका.

‘आत्ता कुठे आहात?’ हा सुरुवातीचा प्रश्नही याच कारणासाठी असतो. खोलीत तुम्ही कोसळलात तर ते दिसतं. फोनवर समुपदेशकाकडे फक्त आवाज असतो, पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा नंबर नसेल तर मदत पाठवायची कुठे? खरा पत्ता द्या.

मरणाचे विचार जोर धरत असतील तर पुढच्या सेशनची वाट पाहू नका. आणीबाणीचा क्रमांक, जवळचं रुग्णालय किंवा मदतवाहिनी, त्याच वेळी. मदतवाहिनी आणि थेरपी यांत अनेकांची गल्लत होते. चॅड वॅरा या धर्मगुरूने १९५३ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेल्या फोनसेवेपासून ही परंपरा मोठी झाली. मदतवाहिनी त्या घडीला सोबत करते, तिथे अपॉइंटमेंट लागत नाही. थेरपी आठवड्याच्या आठवड्याला पुढे सरकते. एक चालू आहे म्हणून दुसरीला फोन करू नये असं काही नाही.

प्रश्न: हात धुण्याच्या ओसीडीसाठी फोनवर ‘एक्सपोजर’ करायचं ठरलंय, म्हणजे ज्याची भीती वाटते त्याला मुद्दाम हात लावायचा आणि न धुता थांबायचं. समोर कुणी नसताना हे होतं का?

उत्तर: इथे फोनची बाजू वरचढ ठरू शकते, कारण दवाखान्यातलं बेसिन तुमचं नसतं. तुमची भीती ज्या दाराच्या कडीला चिकटलेली आहे, ती कडी घरीच आहे.

एका बैठकीचं स्वरूप साधारण असं. आधी भीतीची शिडी तयार असते: कशाची किती भीती वाटते त्याची उतरंड, शून्य ते शंभर. चाळीसच्या आसपासची पायरी निवडतात, समजा कडी. इअरफोन लावून, दोन्ही हात मोकळे ठेवून तुम्ही कडीवर पूर्ण तळवा टेकवता. समुपदेशक भीतीचा आकडा विचारतात: ५५. पाच मिनिटांनी पुन्हा: ६०. वाढू शकतो, घाबरू नका. मध्ये ते तुम्हाला काय दिसतंय, हात कुठे आहेत, मन काय म्हणतंय ते बोलायला लावतात, कारण त्यांना तुमचे हात दिसत नाहीत. पुढे आकडा उतरू लागला तर उत्तम, नाही उतरला तरी न धुता राहिलात हे काम झालंच. कॉल संपल्यावर किती वेळ धुवायचं नाही, हे कॉल चालू असतानाच ठरतं आणि दोघांकडे लिहिलेलं असतं.

बिघडतं ते चोरट्या वाटांनी. दोन बोटांनीच कडी धरणं, हात कपड्याला पुसणं, मनातल्या मनात जप, हे फोनवर पकडलं जात नाही. स्वतःहून सांगावं लागतं, आणि सांगितलं तर रागावणारा समुपदेशक बदलावा. दुसरी चोरवाट फोनच्याच रूपाने येते: ‘ते लाइनवर आहेत म्हणजे काही होणार नाही.’ तसं झालं तर समुपदेशकाचा आवाजच साबण होऊन बसतो. म्हणून तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून तीच पायरी कॉल बंद करून एकट्याने करायची आणि वीस मिनिटांनी परत बोलायचं. घराबाहेर पडायचीच भीती असलेल्यांनी हे जास्त ध्यानात ठेवावं. सगळी सेशन पलंगावरून होत असतील तर फोन उपचाराऐवजी भीतीचीच बाजू घेतो आहे. निदान काही कॉल फाटकापाशी उभं राहून, पुढे रस्त्याच्या कडेला थांबून व्हायला हवेत.

प्रश्न: आईला ऐकू कमी येतं. तिला फोनवरची सेशन जमतील का?

उत्तर: जुन्या पद्धतीची फोनलाइन तीनशे ते चौतीसशे हर्ट्झ एवढाच आवाज पोचवते. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांतला फरक बराचसा त्याच्या वर असतो. आईंना आवाज ऐकू येईल, शब्द ओळखताना दम लागेल, आणि त्या न कळताच ‘हो हो’ म्हणतील. श्रवणयंत्राला फोन थेट जोडता येतो का पाहा. नसेल तर ओठ दिसतील असा व्हिडिओ किंवा प्रत्यक्ष भेट मागा. मध्ये बसून तुम्ही वाक्यं पोचवू नका. तुमच्याबद्दलची तक्रार त्या तुमच्याच तोंडून कशी सांगणार?

प्रश्न: चार सेशन झाली, जमत नाहीये. फोनचा दोष की माझा?

उत्तर: किंवा समुपदेशकाचा, ही शक्यता तुम्ही सौजन्याने वगळली आहे.

कागदावर तक्रारी लिहा आणि प्रत्येकीपुढे विचारा: हीच व्यक्ती समोर बसली असती तर ही तक्रार उरली असती का? ‘मध्येच तोडतात’ ही बहुधा उशिराच्या लाइनची. ‘माझं नाव, मागचं बोलणं लक्षात राहत नाही’ ही माणसाची. ‘गृहपाठाचा तक्ता कळत नाही’ ही कागद समोर नसल्याची. दोघांकडे तोच कागद हवा, ओळींना क्रमांक हवेत. फोनच्या तक्रारी दोन सेशनमध्ये दुरुस्त होतात की नाही पाहा. नाही झाल्या तर एक भेट प्रत्यक्ष मागा. एकदा चेहरा पाहिला की पुढे आवाजाला चेहरा मिळतो. माणसाच्या तक्रारी असतील तर माणूस बदलून मागा, ‘सूर जुळत नाही’ एवढं कारण पुरतं.

काहींना मुळात फोनचीच धास्ती असते, घंटा वाजली की पोटात गोळा येतो. काहींना आवाज ऐकू येतात किंवा कुणी पाळत ठेवतंय असा संशय असतो. त्यांना कानात येणारा न दिसणारा आवाज कधी कधी झेपत नाही. अशा वेळी आपल्या डॉक्टरांना लगेच सांगून माध्यमच बदलून घ्यावं. चार सेशन वाट पाहण्याची गरज नाही.

प्रश्न: बोलताना मी कागदावर गिरगटत असतो. लक्ष नाही असं होतं का?

उत्तर: नाही. हात गुंतला की पुष्कळांना बोलणं सोपं जातं, येरझाऱ्या घालणंही त्यातलंच. फक्त बॉलपेनचं बटण टकटक वाजवू नका. माइकपाशी ते हातोड्यासारखं ऐकू येतं.